डावीकडे ओढणारी स्की

“…पण स्कीच्या तिन्हीच्या तिन्ही जोड्या डावीकडेच कशा ओढतील, मेमे? एखादीत दोष असेल. दोन्हींत असेल. तिन्हींत कसा?”

मेमे पलजोर, म्हणजे पलजोर आजोबा, शेगडीत शेणी सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुम्हीच सांगा. यातली कोणती घेऊ?”

“मला काय माहीत,” मेमे म्हणाले.

सहा दिवस झाले होते, रोज हेच उत्तर. पहिल्या दिवशी प्रभंजनला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, हिंदी कळत नसेल. पण मेमेंना ऐकूही येत होतं आणि मोडकंतोडकं का होईना, हिंदीही कळत होतं. उत्तर मात्र तेच.

प्रभंजन खटावकर हा साताऱ्याकडचा माणूस. कारखान्यात फोरमन होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. अंगानं काटक, हिशेबाला पक्का, आणि आपल्याला जे येतं ते आपल्याला येतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. शेवटच्या जीपनं तो लडाखच्या या आडदरीतल्या गावी आला. मग बर्फ पडलं, रस्ता बंद झाला, आणि बर्फ नीट बसेपर्यंत तो मेमेंच्या घरीच राहिला.

त्याला इथून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं होतं. एकट्यानं. आठ मुक्काम, सगळे तंबूत, बर्फावर. तंबू, रॉकेल, शिधा, अंथरूण मिळून चाळीस किलोचं ओझं. ते घसरगाडीवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकांच्या गाडीवर लादायचं, गाडी कमरेच्या पट्ट्याला जोडायची, पायात स्की घालायची आणि ओढत न्यायची.

ही वाट मेमेंइतकी दुसऱ्या कुणाच्या पायाखालची नव्हती. जवानीत बत्तीस हिवाळे त्यांनी या वाटेनं टपालाच्या थैल्या ओढून नेल्या होत्या. म्हणून तर प्रभंजन त्यांच्या शेगडीपाशी येऊन बसला होता.

तसं त्याला सगळं येत होतं. फक्त स्की ठरत नव्हती.

एक जोडी लांब आणि अरुंद. सपाटीला ती वाऱ्यासारखी जायची. दुसरी मधली, तिच्या तळाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी होती. तिसरी आखूड आणि रुंद, तळाला केसाळ पट्टी चिकटवलेली. केस मागं वळलेले, त्यामुळं ती पुढं सरकायची आणि मागं अडायची. भरवशाची, पण संथ. बैलासारखी.

प्रभंजनला मनातून लांब जोडी घ्यायची होती. पण ती डावीकडे ओढायची. मधलीही ओढायची. आखूडही ओढायची, थोडी कमी, पण ओढायचीच.

आणि दुसऱ्या मुक्कामापासून पुढं दोन दिवस वाट कड्याच्या अंगानं होती. उजवीकडे भिंत, डावीकडे दरी. तिथं स्की डावीकडे गेली, की मागची चाळीस किलोची गाडी माणसाला घेऊनच खाली जाणार.

गुरुवारी निघालं तर आठ दिवस आकाश मोकळं मिळेल असं गावातले म्हणत होते. त्यानंतर वारा सुटतो, आणि मग महिनाभर कुणी त्या बाजूला तोंड करत नाही. आज मंगळवार होता.

त्यानं काय नाही केलं? सुताला दगड बांधून ओळंबा केला आणि स्कीचा बाक तपासला. पट्टीनं दोन्ही कडा मोजल्या. बुटाचे खिळे काढून पुन्हा बसवले. गाडीच्या दांड्या सुट्या करून जोडल्या. एका वहीत तक्ता केला होता: कोणती जोडी किती पावलांत किती बोटं डावीकडे जाते.

मेमेंची सून यांगझोम ते रोज बघायची. ती त्याला आचो म्हणायची, म्हणजे दादा. त्या दिवशी सत्तू मळता मळता ती म्हणाली, “आचो, पाय तर दोनच आहेत. बाकीच्या दोन जोड्या गाढवाला घालणार का?”

मेमे हसले. प्रभंजन हसला नाही.

“मेमे, थट्टा पुरे झाली. माझ्या जिवाचा प्रश्न आहे.”

मेमेंनी शेगडीचं झाकण लावलं. हात चोग्याला पुसले.

“तुझ्या मागं कोण चालतं?”

“कुणी नाही. सांगितलं ना, एकटा जाणार.”

“मग मला कसं कळणार…”

प्रभंजनला काही उलगडलं नाही. मग यांगझोमनं सांगितलं. या गावात आपली स्की कुणी आपण निवडत नाही. गाडीला माणसं दोन लागतात. एक पुढं, पट्टा बांधून. एक मागं, दोर धरून. उताराला गाडी पुढच्याच्या टाचेवर चढू नये म्हणून मागचा तिला आवरतो. पुढच्याला आपला पाय दिसत नाही, तो वाट बघत असतो. मागच्याला मात्र दिवसभर दुसरं काही दिसतच नाही. कोणता पाय घसरतो, कोणता गुडघा आधी दमतो, चढाला कंबर कशी मोडते. म्हणून पुढच्याची स्की मागचा निवडतो. पुढच्यानं हं म्हणायचं आणि पायात घालायची. बाप असो, भाऊ असो, नाहीतर भांडलेला शेजारी असो.

प्रभंजननं ऐकून घेतलं. रीत चांगली होती, जुन्या काळाला धरून होती. पण त्याला तिची गरज नव्हती, आणि तसं त्यानं बोलून दाखवलं. त्याच्या गाडीला दोर नव्हता. ॲल्युमिनियमच्या दोन ताठ दांड्या होत्या, त्यानं स्वतः कापून, भोकं पाडून बसवलेल्या. उताराला गाडी टाचेवर येण्याचा प्रश्नच नव्हता. मागं माणूस कशाला?

मेमे उठून दारापाशी गेले. गाडी तिथंच उभी केली होती. त्यांनी एका दांडीवरून हात फिरवला, वाकवून पाहिली.

“चांगल्या केल्यास,” ते म्हणाले. “या बघतात का?”

प्रभंजननं मान वर केली.

वर तुळईला लाकडी स्कीची एक जुनी जोडी टांगलेली होती. धुरानं काळी पडलेली. प्रभंजनला वाटलं, विषय बदलावा. त्यानं विचारलं, ही कुणाची?

माझी, मेमे म्हणाले. लोबझांगनं निवडलेली. लोबझांग बत्तीस वर्षं माझ्या मागं दोर धरून होता. त्याला जाऊन अकरा हिवाळे झाले.

“मग आता का घालत नाही? तुमचे पाय तर अजून धड आहेत.”

“धड आहेत. पण तेव्हाचे नाहीत.”

“मग नवी घ्यायची.”

“कोण निवडणार?”

मेमेंनी हे अगदी साधेपणानं विचारलं. भाजी संपली तर बाजारात कोण जाणार, असं विचारावं तसं. यांगझोमनं मान खाली घातली आणि सत्तू जरा जास्तच जोरात मळू लागली. नंतर मेमे बाहेर गेले तेव्हा ती म्हणाली, लोबझांग गेल्यापासून मेमे गावाबाहेरच्या मणी भिंतीपलीकडं गेलेले नाहीत. म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची ती लांब भिंत. तिथपर्यंत जातात, टेकून बसतात, आणि परत येतात.

बुधवारी सकाळी प्रभंजन गाडी भरून उभा राहिला. लांब जोडी पायात होती. शेवटचं एकदा बघायचं, आणि ओढलीच तर आखूड घेऊन निघायचं असं त्यानं ठरवलं होतं. थोडी कमी ओढते म्हणून. मन मात्र खात होतं.

तेवढ्यात मेमे आले. हातात काठी, डोक्याला लोकरी टोपी.

“चल,” ते म्हणाले. “मी मागं येतो.”

प्रभंजनला बरं वाटलं. म्हातारा एकदाचा शिकवायला तयार झाला. तो सुरुवातीला हळू चालला, मेमेंना जमावं म्हणून. मग पायांना लय सापडली. बर्फ कोरडं होतं, वारा नव्हता. स्कीचा सर्रसर्र आवाज आणि मागं गाडीचा खरडल्यासारखा आवाज, दोनच. सगळ्या दरीत दुसरा आवाज नव्हता. तो पुढं जात राहिला.

मणी भिंतीपाशी पोचून त्यानं घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं. आजवरची सगळ्यात चांगली वेळ.

“बघितलंत?” असं म्हणत तो वळला.

मागं कुणी नव्हतं.

पांढऱ्या उतारावर त्याचीच रेघ होती, गावापर्यंत गेलेली. त्या रेघेवर, पार खाली, एक काळा ठिपका.

प्रभंजन तसाच उलटा फिरला. पट्टा सोडून, गाडी तिथंच टाकून तो खाली सुटला. पोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढं नाही नाही ते येऊन गेलं.

मेमे उकिडवे बसले होते. एका हाताचा मोजा काढून स्कीच्या खुणेवरून बोट फिरवत होते. एखादी बाई तांदूळ निवडते ना, तसे.

“मेमे, काय झालं? पडलात का?”

“नाही.”

“मग हाक का नाही मारलीत?”

“तू वेगात होतास.”

प्रभंजन धापा टाकत उभा राहिला.

मेमेंनी बोट एका जागी टेकवलं. तिथं डाव्या स्कीची खूण बाहेर वळली होती. चार पावलं तशीच, मग पुन्हा सरळ.

“इथं तू बोललास,” मेमे म्हणाले.

“कुणाशी?”

“ते मला काय माहीत. माणूस मान मागं वळवून बोलला, की त्या बाजूचा पाय बाहेर जातो.” त्यांनी काठीनं वर दाखवलं. “तिथं पुन्हा. त्या खडकापाशी पुन्हा, तिथं जास्त वेळ. सहा दिवस गच्चीवरून बघतोय. जोडी कुठलीही असो…”

प्रभंजन हसला. मी एकटाच होतो मेमे, बोलेन कुणाशी, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

आणि ते उघडंच राहिलं.

कारण त्याला आठवलं. त्या खडकापाशी वारा पडला होता, ऊन कोवळं होतं, आणि तो म्हणाला होता, रंगा, इथं चहा टाकायला काय मजा येईल. मोठ्यानं म्हणाला होता. रंगाशी मोठ्यानंच बोलावं लागायचं.

तो बर्फावर बसला.

मेमेंनी मोजा घातला, दुसरा काढला, तोही झटकून पुन्हा घातला. घाई कसलीच नव्हती त्यांना.

मग प्रभंजननंच सांगितलं. रंगनाथ भोईटे, शिंपी. अठ्ठावीस वर्षं दोघांनी गडकोट पालथे घातले, मग बर्फाच्या वाटा धरल्या. रंगाचा डावा कान लहानपणापासून गेलेला. म्हणून तो नेहमी प्रभंजनच्या मागं, डाव्या अंगाला चालायचा, म्हणजे चांगला कान प्रभंजनकडं राहायचा. गेल्या हिवाळ्यात हिमाचलातल्या एका खिंडीच्या चढावर रंगा दमला. म्हणाला, परभ्या, जरा थांब. प्रभंजन म्हणाला, वर थांबतो, तू ये.

“थांबलास?”

“थांबलो. चाळीस मिनिटं. वेळ बघितली होती मी. मग हवा बिघडली. वाटलं, तो खाली परत गेला असेल. आणि गेलाच होता, मेमे. माझा अंदाज बरोबर होता.”

“बरोबर होता…”

“चार तास एकटा उतरला तो. डाव्या हाताची दोन बोटं गेली. थंडीनं.”

हे सांगताना प्रभंजन दूर डोंगराकडं बघत होता. दवाखान्यात तो एकदा गेला, दारातूनच हवापाण्याचं बोलला आणि परत आला. चुकलो असं काही तो म्हणाला नाही, कारण घड्याळाप्रमाणं तो चुकलाच नव्हता. दहा महिने झाले. ना त्याचा फोन, ना याचा. शिंप्याची बोटं ती.

“तो मागं पडायचा,” प्रभंजन म्हणाला. “सगळेच माझ्या मागं पडतात. म्हणून ठरवलं, आता एकटाच…”

त्याची नजर त्या बाहेर वळलेल्या खुणेवर गेली.

मेमे काठीवर जोर देऊन उठले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी गावाकडं तोंड केलं.

“मेमे, मग स्की कोणती घेऊ? ते तरी सांगा.”

“मी शंभरच पावलं तुझ्या मागं चाललो,” मेमे म्हणाले. “अठ्ठावीस वर्षं जो होता त्याला विचार.”

आणि ते चालू लागले.

गावात फोनला आवाज यायचा तो एकाच जागी, गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायऱ्यांवर, तेही दुपारी. त्या पायऱ्यांवर प्रभंजन दोनदा चढला आणि दोनदा उतरला. यांगझोम खालच्या अंगणात वासराला चारा घालत होती. ती म्हणाली, आचो, पायऱ्या मोजताय का? वहीत लिहायला?

तिसऱ्यांदा तो वर जाऊन बसला.

घंटी बरीच वाजली. मग ती थांबली, आणि पलीकडून शिलाई मशीनचा आवाज आला. चालू होतं मशीन. मग तेही थांबलं.

प्रभंजनला पुष्कळ बोलायचं होतं. सकाळपासून त्यानं वाक्यं जुळवली होती. ती सगळी कुठं गेली कोण जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच.

“रंगा… स्की कोणती घेऊ? तीन जोड्या हायेत. एक लांब, एक…”

“आखूड घे,” रंगा म्हणाला. “चढाला उजवा पाय मागं सरकतोय तुझा. कवापास्नं सांगतोय.”

प्रभंजननं फोन दोन्ही हातांनी धरला.

“बोटं कशी हायेत?”

पलीकडं मशीनचं चाक एकदा फिरून थांबलं.

“आठ हायेत,” रंगा म्हणाला.

मग आवाज तुटू लागला. तो आणखी काही बोलला की नाही, ते कळलं नाही. प्रभंजननं हॅलो हॅलो केलं. वारा नुसता घुमत होता. तो तसाच बसून राहिला, फोन कानाला लावून, पायरी गार लागेपर्यंत.

घरी आला तेव्हा मेमे शेगडीपाशी होते. लोणी घातलेला खारा चहा तयार होता. मेमेंनी वाटी पुढं केली.

प्रभंजननं चहा घेतला. मग आखूड जोडी बाजूला काढली, बाकीच्या दोन भिंतीला टेकवल्या. कमरेचा पट्टा उचलला आणि त्याची बक्कलं तपासू लागला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

“आखूड म्हणाला,” तो म्हणाला.

मेमेंनी मान हलवली.

“उजवा पाय सरकतो म्हणे. मला कधी कळलंच नाही.” त्यानं बक्कल ओढून पाहिलं. “ठीक आहे. स्की ठरली. मान वळवणार नाही आता, सरळ बघत जाईन. उद्या पहाटे निघतो. हवा आठच दिवस चांगली आहे.”

मेमे वाटीतल्या चहाकडं बघत राहिले. वर लोण्याचे डोळे तरंगत होते.

“उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागला?”

“वेळ कसला मेमे. माझं वाक्य संपायच्या आत बोलला.”

“संपायच्या आत…”

“हो.”

शेगडीत एक शेणी ढासळली. बाहेर यांगझोम वासराला काहीतरी रागावत होती.

मेमेंनी वाटी खाली ठेवली. हात लांब करून प्रभंजनच्या हातातला पट्टा घेतला, त्याची घडी केली आणि तो स्वतःच्या मांडीखाली घालून त्यावर नीट बसले.

“मग थांब,” ते म्हणाले. “तो अजून तुझ्या मागं चालतोय.”